घेणार असाल तर बाराही

मागच्या वर्षी एक तरुण पत्रकार माझा पत्ता विचारत भिंगारला आला. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं नगरच्या एका बँडमध्ये एक इंग्रज ट्रम्पेट वाजवायचा, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पोरगा चांगला होता. चपला बाहेर काढून आत आला, पाणी प्यायला आणि वही उघडून म्हणाला, "काका, आधी त्या गोऱ्याचं नाव सांगा." मी म्हटलं, "बारा नावं सांगतो. बाराही छापणार का?" तो हसला. म्हातारा चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मी चेष्टा करत नव्हतो, त्यामुळे तो हात हलवत परत गेला. बायको म्हणाली, एवढ्या लांबून आलेल्या पोराला निदान चहा तरी पाजायचा. ते मात्र तिचं खरं होतं. चहा राहिला, ही गोष्ट पाव्हण्याला अजिबात खपली नसती.

पाव्हणा म्हणजे तो इंग्रज. हे नाव नानांनी ठेवलं. नाना माझे थोरले चुलते. लष्कराच्या बँडमध्ये वीस वर्षं वाजवून ते पेन्शनीत आले आणि भिंगारमध्ये स्वतःची बँड पार्टी काढली. आम्ही अकरा जण, बहुतेक घरातले किंवा गल्लीतले. मी दिवसा एमआयडीसीत टर्नर आणि लग्नसराईत क्लॅरोनेटवाला. पाव्हण्याचा बाप लढाईच्या काळात इथल्या छावणीत शिपाई होता. बापाची बराक बघायला म्हणून हा आला. बराक काही सापडली नाही, आमची तालीम सापडली.

अंगणात आम्ही वाजवत होतो. कुंपणापाशी एक उंच, वाकलेला, पिकल्या भुवयांचा गोरा बराच वेळ उभा होता. गाणं संपल्यावर तो आत आला आणि एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून नानांना इंग्रजीत म्हणाला, "तुमचा दुसरा ट्रम्पेट आलेला नाही." खरंच आला नव्हता, त्याची दुसरी पाळी होती. नानांना लष्करातलं मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, येतं का वाजवायला? पाव्हण्यानं शर्टाच्या खिशातून ट्रम्पेटचं माऊथपीस, म्हणजे ओठांना लावायचा तुकडा, काढलं. हे माऊथपीस तो कायम छातीशी ठेवायचा, थंडीत धातू गार पडू नये म्हणून. रिकाम्या खुर्चीत बसला, तिथल्या ट्रम्पेटला ते बसवलं, समोरचा नोटेशनचा कागद एकदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि पहिल्याच झटक्यात आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ वाजवलं. कुणी आलं नाही की त्याच्या जागी बसायचं, हाच माझा धंदा होता, असं त्यानं नंतर सांगितलं.

तेव्हापासून दर वर्षी तो दिवाळी झाली की यायचा आणि पावसाच्या आधी जायचा. व्हिसा सहा महिन्यांचा आणि आमची लग्नसराईही तेवढीच, त्यामुळे जमून गेलं.

मराठी त्याला बँडनं शिकवली. 'लई', 'हाय', 'न्हाई' तो आमच्यापेक्षा ठसक्यात म्हणे. 'तू' मात्र त्याला कधी जमलं नाही. नानांना तुमी, मला तुमी, आणि अंगणात पसरलेल्या कुत्र्यालासुद्धा, "तुमी जरा सरका." कुत्रं सरकायचं.

पहिल्या साली तिसगावला एका लग्नात त्यानं वरातीच्या आधी बाजरीची भाकरी आणि ठेचा हाणला. नको म्हटलं तरी ऐकेना. ट्रम्पेटवाल्याचं सगळं ओठांवर असतं. वरात निघाली तेव्हा पाव्हण्याचे ओठ वांग्यासारखे झालेले आणि डोळ्यांतून पाणी. तासभर नुसतं ट्रम्पेट तोंडाला लावून चालला, आवाज काही निघेना. नाना ढोलाच्या मागे तोंड लपवून हसत होते. त्यानंतर त्याचा नियम ठरला, आणि तो कुठल्याही कामाला लावायचा: "आदी वाजवायचं, मग ठेचा." माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं रिक्षा घ्यायच्या आधीच पेढे वाटले, तेव्हासुद्धा त्यानं हेच सुनावलं.

त्याचं मूळ वाजवणं जॅझ. तारुण्यात त्याची स्वतःची पाच जणांची पार्टी होती, लंडनच्या कुठल्याशा तळघरात वाजवायची. जॅझ म्हणजे काय, हे नानांनी आम्हांला एका वाक्यात समजावलं होतं. "गानं तेच, पन वाट चुकल्यावानी हिंडायचं, आनि घरी मात्र टायमात यायचं." पाव्हणा वरातीत मधूनच असा हिंडायला लागायचा. नाचणारी पोरं खूश, म्हातारे नाराज. एकदा नवरदेवाचा चुलता पुढे येऊन म्हणाला, "ओ, ह्ये गानं असं न्हाई." पाव्हण्यानं शांतपणे ट्रम्पेट त्याच्या हातात दिलं. "मग कसं हाय? तुमी वाजवा." चुलत्यानं ट्रम्पेट तान्हं मूल धरावं तसं धरलं आणि परत दिलं.

पण त्याची खरी ख्याती घड्याळाची. लंडनच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्यांची युनियन होती आणि तिचा नियम होता, तीन तास काम, मग थांबायचं. हा नियम त्यानं जसाच्या तसा नगर जिल्ह्यात आणला. वाजवायला सुरुवात करताना मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचा. वरातीत समोर ठेवायला काही नसायचं, तेव्हा पुढच्या माणसाच्या कोटाच्या पट्ट्याला अडकवायचा. तो पुढचा माणूस म्हणजे मी.

सोनईला एका मोठ्या बागायतदाराकडे वरात अशी रंगात आलेली, आणि तीन तास झाले. पाव्हणा एका दुकानाच्या पायरीवर बसला. "चा," म्हणाला. नवरीचा मामा धावत आला. "सायेब, काय करताय? पोरगं घोड्यावर बसलंय की!"

"त्यांना बी चा द्या."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बँडवाला मधेच बसतो, हे आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही आपले पायाचे तुकडे पडले तरी फुंकत राहणारे. आधी नाना बसले, मग एक एक करत सगळे बसलो. चहा आला. घोड्यावरचा नवरदेवही बशीत ओतून प्यायला, आणि त्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा माणसासारखा दिसला. तेव्हापासून आमची सुपारी घेताना नाना आधीच सांगायचे, "तीन तासानं चा. न्हाई जमलं तर दुसरा बँड बगा." काही लोकांनी बघितलाही.

सगळीकडे असं जिंकलो असं समजू नका. पारनेरकडे एका लग्नात जेवणाच्या वेळी यजमान पाव्हण्याला न्यायला आले, पहिल्या पंगतीला, पुढाऱ्यांच्या शेजारी. बँडवाल्यांची पंगत शेवटची, ही रीतच. कारण असं सांगायचे की लोक जेवताना वाजवावं लागतं. एव्हाना तर जेवताना कर्ण्यावर कॅसेट लागायची आणि आम्ही मांडवामागे नुसतेच बसून राहायचो, तरी पंगत शेवटचीच. पाव्हणा यजमानांना म्हणाला, "आमी बारा हाय." यजमान म्हणाले, बाकीचे मागनं बसतील. पाव्हणा म्हणाला, "मग आमी बारा मागनं." त्या दिवशी त्यानं चार वाजता आमच्याबरोबर थंड वरण आणि तळाचा भात खाल्ला. यजमानांना लाज वगैरे वाटल्याचं मला काही दिसलं नाही.

या माणसाला एवढा हट्ट कुठून आला, हे मला कापड बाजारातल्या एका कॅसेटच्या दुकानात कळलं. त्याला खूश करावं म्हणून मी एक इंग्रजी गाण्यांची कॅसेट काढून दुकानदाराला लावायला सांगितली. तिसऱ्या गाण्यात ट्रम्पेटचा एक तुकडा आला. एवढासा, पण मान वर करायला लावणारा. पाव्हणा म्हणाला, "ह्ये म्या." मी वेष्टनावरची बारीक अक्षरं शोधली. गायक होता, गिटारवाला होता, फोटो काढणारा होता. गायकाचे केस कापणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. याचं नव्हतं.

दुकानाबाहेर येऊन त्यानं सगळं सांगितलं, चालता चालता. पार्टी मोडली आणि तो स्टुडिओंत लागला. सकाळी बिस्किटाची जाहिरात, दुपारी सिनेमा, संध्याकाळी कुणाची तरी रेकॉर्ड. तीस वर्षं. टीव्हीवर एक देखणा पोरगा गाल फुगवून ट्रम्पेट वाजवतोय असं दाखवायचे, आवाज याचा. नाव कुठेच नाही. मग एक दिवस स्टुडिओत बोलावून त्याला म्हणाले, गाणं नको, नुसते सूर वाजवा, एक एक सुटा. खालपासून वरपर्यंत सगळे सूर त्यानं एकेक करून वाजवले. ते सूर त्यांनी कीबोर्डच्या मशीनमध्ये भरले. पुढे ट्रम्पेट हवं असलं की मशीनचं बटण दाबायचे. याचा फोन वाजायचा बंद झाला.

"तुमी इचारलं न्हाई, सुटे सूर कशाला?" मी विचारलं.

"न्हाई इचारलं. तीन तास झाले. चा प्यालो. घरी गेलो."

मला त्याचा राग आला. म्हणजे ज्यांनी हे केलं त्यांचा यायला हवा होता, पण मला याचाच आला. एवढा कळता माणूस आणि 'कशाला' हा एक शब्द तोंडातून निघू नये? मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "बराबर हाय."

त्यानंतरच्या सालची गोष्ट. नानांच्या छातीत आता दम राहिला नव्हता. ते युफोनियम वाजवायचे, पोटाएवढं मोठं पितळी वाद्य, त्याला वारं फार लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, या साली शेवटचं, पुढे फुंकायचं नाही. नानांची एकच इच्छा होती, आपल्या बँडची कॅसेट निघावी. त्याच सुमाराला एका लग्नात पुण्याच्या कॅसेट कंपनीचा शेठ आला होता. त्यानं पाव्हण्याला बघितलं आणि आठ गाणी रेकॉर्ड करायला बोलावलं. नानांनी आठ दिवस आधी सगळ्यांचे लाल कोट परीटघडीचे करून घेतले. रेकॉर्डिंगमध्ये कोट दिसत नाहीत, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

पुण्यात काचेच्या खोलीत उभे राहून आम्ही सहा गाणी वाजवली. पाव्हण्याचं घड्याळ समोर ठेवलेलं. काचेपलीकडे एक म्हातारे रेकॉर्डिस्ट, दिवसभरात अवाक्षर न बोललेले. सातव्याच्या आधी शेठ वेष्टनाचा नमुना घेऊन आला. पाव्हण्याचा रंगीत फोटो, खाली त्याचं नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली मुंगीएवढं 'आणि बँड पार्टी'.

नानांनी कोटाच्या खिशातून एक लग्नपत्रिका काढली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी घरूनच नावं लिहून आणली होती. "शेठ, ह्ये आमी अकरा जन. ह्ये मागल्या अंगाला घाला."

"नाना, जागा कुठंय? आणि कोण वाचतंय ते? लोक गोऱ्यासाठी घेणार कॅसेट."

नानांनी पत्रिकेकडे बघितलं, तिची घडी घातली. "जाऊ द्या मग," म्हणाले.

तीन तास व्हायला अजून वीस मिनिटं होती. पाव्हण्यानं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. वेळेच्या आधी घड्याळ उचलताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "माजं नाव काडा, फोटू काडा," तो शेठला म्हणाला. "ह्यांची घाला."

"मग छापू कशाला?" शेठ म्हणाला.

पाव्हणा ट्रम्पेट पेटीत ठेवायला वाकला तसे नाना भडकले. "बसा खाली! तुमचं काय जातंय? तुमी इमानात बसून जाल. माज्या छातीत एवढंच वारं उरलंय, त्येबी वाया घालवू व्हय?"

नानांचं खोटं नव्हतं. पाव्हणा खाली बसला, ट्रम्पेट मांडीवर घेतलं. "नाना, तुमी म्हनाल तसं. वाजवा म्हनलं तर वाजवतो. पन म्या तीस वर्सं जाऊ द्या म्हनलो. मला निस्ता चा मिळाला."

नानांनी युफोनियम खाली ठेवलं आणि आमच्याकडे वळून बोलले, शेठकडे नाही. "माजा बाप गावात हलगी वाजवायचा. लगीन असू दे, जत्रा असू दे, बोलावनं आलं की जायाचं. नाव कुनी घेत नव्हतं. 'वाजव रं' म्हनायचे. छप्पन सालानंतर, दीक्षा घेतली तवा, त्यानं हलगी चुलीत घातली. गावानं गिरनीत दळन बंद केलं. म्हातारा आमाला म्हनला, उपाशी ऱ्हावा, पन कुनी 'वाजव रं' म्हनलं म्हनून वाजवू नका. आनि म्या हितं कोट घालून बसलोय, जाऊ द्या म्हनतोय." ते उठले. "चला रं."

शेठ हसला. "जा. सहा झालीच आहेत माझ्याकडे. उरलेली दोन कीबोर्डवर करून घेईन."

तेव्हा काचेपलीकडचे म्हातारे दार उघडून बाहेर आले. "शेठ, सहाही पुसली गेली," म्हणाले. "बटण चुकून दाबलं गेलं." त्या माणसाचा हात आयुष्यात बटणावर चुकला असेल असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटत नव्हतं. शेठ त्यांच्यावर ओरडत असताना आम्ही जिना उतरलो. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, याची मला आजही चुटपुट आहे.

शिरूरजवळ टेम्पो थांबवून चहा घेतला. नानांनी बशी खाली ठेवली. "पाव्हनं, किती तास झाले?"

"तीन."

"मग बराबर हाय."

पुढच्या रविवारी आम्ही भिंगारच्या समाजमंदिरात जमलो. मेहुण्याचा टेपरेकॉर्डर एका स्टुलावर ठेवला. माईक एकच, तो टेपच्या पोटातला. पाव्हण्यानं तासभर आम्हांला नुसतं इकडून तिकडे हलवलं. ढोल दाराबाहेर, साईड ड्रम खिडकीत, मी तीन पावलं मागं. ज्याचा आवाज मोठा तो लांब, बारीक तो जवळ. नानांना खुर्ची देऊन अगदी टेपच्या पुढ्यात बसवलं, आणि स्वतः सगळ्यांत मागं, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटचं गाणं नानांचं होतं, युफोनियमचं. निम्म्यात त्यांचा दम संपला. वाद्य थांबलं. मला वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात मागून ट्रम्पेट आलं, अगदी हळू, एरवीसारखं न हिंडता. नानांचा सूर जिथे पडला होता तिथून त्यानं तो उचलला आणि चार ओळी धरून ठेवला, नानांचा श्वास परत येईपर्यंत. नाना परत आले तसं ट्रम्पेट थांबलं. ती फट आणि ते भरणं आजही कॅसेटमध्ये ऐकू येतं. त्याच्यामागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टीही आहे.

"परत घेऊ?" मी विचारलं. तीस वर्षं बिनचूक वाजवलेला माणूस म्हणाला, "न्हाई. ह्येच."

वेष्टन नानांनी हातानं लिहिलं, आम्ही झेरॉक्स काढून आणली. अकरा नावं झाल्यावर पाव्हणा म्हणाला, "माजं नको. म्या शेठला तसं म्हनलोय."

"शेठ गेला तिकडं," नाना म्हणाले. "आमी बारा हाय, असं कोन म्हनलं हुतं पारनेरला?" आणि बारावं नाव लिहिलं. पाव्हण्यानं ते वेष्टन हातात घेतलं. एका कडेनं सगळी नावं वाचली, देवनागरी त्याला तेवढी यायला लागली होती. आपल्या नावाशी आला आणि रडला. साठीला आलेला माणूस, आमच्यादेखत. आम्ही कुणी त्याला गप्प केलं नाही. मग त्यानं तो कागद घडी करून खिशात माऊथपीसशेजारी ठेवला.

नाना दोन पावसाळ्यांनी गेले. पाव्हणा त्यानंतर एकदाच आला, नानांच्या रिकाम्या खुर्चीत बसायला मात्र तयार झाला नाही.

हे सगळं लिहून मी या अंकाच्या संपादकांकडे पाठवलं. त्यांचा फोन आला. लेख आवडला, म्हणाले, पण त्या इंग्रजाचं नाव घाला, जमलं तर शीर्षकातच, वाचक ओढला जाईल. मी विचारलं, बाकीची अकरा? ते म्हणाले, नावांची यादी वाचायला कंटाळवाणी होते. मी म्हटलं, मग एकही नको.

"अहो, पण लेखक म्हणून तुमचं तरी टाकावं लागेल ना?"

नानांनी लिहिलेल्या त्या वेष्टनावर पाचवं नाव माझं आहे. म्हटलं, बाकीची येत नाहीत तोवर तेही नको.